वीज नाही, रेंज नाही, तरी चौघांनी एकच शब्दसंग्रह कसा लिहावा? (गिट शिकायची सुरुवात)

कातळसडा | शनिवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. देवगड तालुक्यात शाळेत शिकवतो. गेली तीन वर्षं आम्ही चौघं किनाऱ्यावरच्या बोलीतले शब्द जमवतोय. शेतीचे आणि कातळावरचे शब्द माझ्याकडे, मासेमारीचे मालवणच्या ताईंकडे, घरबांधणी आणि माड-पोफळीचे दापोलीच्या काकांकडे. चौथा मित्र दादरला असतो, गणपतीला आणि शिमग्याला आला की वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसून टिपून घेतो. कुणगा, गडगा, मांगर, चुडत, झाप, व्हाळ, रापण असं करत अडीच हजारांच्या आसपास नोंदी झाल्या आहेत.

सगळं एका एक्सेल फाइलीत, आणि ती फाइल व्हॉट्सॲपवरून फिरते. 'शब्द अंतिम', 'शब्द अंतिम नवा', 'शब्द अंतिम नवा २'. या पावसाळ्यात ताईंनी आणि मी एकाच आठवड्यात दोन वेगळ्या प्रतींवर काम केलं. माझी फाइल शेवटची समजून ताईंनी ती आपल्या फाइलीवर चढवली. लक्षात आलं तोवर दोन महिने गेले होते, व्हॉट्सॲपवरची जुनी फाइल उतरेना. दोनशे दहा नोंदी गेल्या. त्यातल्या बऱ्याच एका आजींनी सांगितलेल्या होत्या आणि त्या आजी आता नाहीत. ते शब्द कोणाला विचारू?

पुन्हा असं होऊ द्यायचं नाही. गिट नावाचं काहीतरी प्रोग्रामर लोक वापरतात एवढं ऐकून आहे. आमच्यासारख्यांना जमेल का, आणि सुरुवात कुठून करायची?

---

एसटी स्टँड | शनिवार, रात्री ९.४२

सर, वाचून वाईट वाटलं. पण गिट कशाला? ऑनलाइन शीट उघडा, चौघांना परवानगी द्या. तिथेही जुन्या आवृत्त्या दिसतात. गिट हे कोड लिहिणाऱ्यांचं हत्यार आहे, शब्दसंग्रहाला जड पडेल.

---

कातळसडा | शनिवार, रात्री ९.५५

तेही करून पाहिलं. आमच्या सड्यावर रेंज मिळते ती देवळामागच्या चौथऱ्यावर. जून-जुलैत वीज गेली की टॉवरही बंद. आणि शब्द सुचतात, माणसं बोलती होतात ती नेमकी पावसात, सगळी घरी असतात तेव्हा.

---

पागोळी | शनिवार, रात्री ११.२०

चिपळूणला घरून काम करते, रोज गिट वापरते. एसटी स्टँड यांचा मुद्दा रास्त आहे. चौघांना सतत नेट असतं तर मीही शीटच सांगितली असती. पण सरांची अडचण ज्या जातीची आहे, त्यासाठीच या प्रकारची साधनं जन्माला आली, म्हणून सविस्तर लिहिते.

आधीची साधनं म्हणजे सीव्हीएस किंवा सबव्हर्जन. त्यांत पूर्ण इतिहास एका सर्व्हरवर असतो. तुमच्याकडे फक्त आजची प्रत. नोंद करायची तर सर्व्हर गाठावा लागतो, जुनं पाहायचं तरी गाठावा लागतो. गिट 'वितरित' आहे. ज्याच्या लॅपटॉपवर त्याची प्रत आहे, त्याच्याकडे पहिल्या दिवसापासूनचा अख्खा इतिहास आहे. नोंद करणं, जुनं पाहणं, दोन आवृत्त्या ताडून बघणं यातल्या कशालाच नेट लागत नाही. नेट किंवा दुसरी कुठली वाट लागते ती फक्त एकमेकांचं घेताना-देताना.

भजनी मंडळातल्या वह्या आठवा. बुवांची वही एक, पण कोरसातल्या प्रत्येकाने ती पूर्ण उतरवून घेतलेली असते. बुवांची वही भिजली तरी भजन थांबत नाही. फरक एवढाच की हाताने उतरवलेल्या वह्यांत दहा वर्षांनी कडवी बदलतात आणि कोणी, कधी, का बदललं ते सांगता येत नाही. गिट नेमकं तेवढं लिहून ठेवतं.

थोडा इतिहास सांगते, कारण त्यावरून स्वभाव कळतो. लिनक्स ही संगणक चालवणारी फुकट प्रणाली. तिच्या गाभ्यावर, म्हणजे कर्नलवर, जगभरातले लोक काम करतात. त्यांचं काम २००२ पासून बिटकीपर नावाच्या साधनावर चाले. २००५ मध्ये त्याचा फुकट वापर बंद झाला. तेव्हा लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये गिट लिहायला घेतलं आणि काही दिवसांतच गिटचा स्वतःचा कोड गिटमध्येच ठेवला जाऊ लागला. जुलैपासून देखभाल जुनिओ हमानो यांच्याकडे गेली. म्हणजे एकमेकांना कधी न भेटलेल्या माणसांनी, आपापल्या वेळेला, आपापल्या घरून एकच गोष्ट लिहावी यासाठीच ते घडलं. तुम्ही चौघं त्याच तऱ्हेने काम करताय.

आता सुरुवात. आज्ञा इथे देवनागरीत लिहिते, टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, त्या रोमन अक्षरांतच टाइप करायच्या.

सगळ्यात आधी एक्सेल सोडा. हे गिटपेक्षाही महत्त्वाचं. एक्सेलची फाइल गिटला बंद डबा वाटते, आत कुठली ओळ बदलली ते त्याला दाखवता येत नाही. साधा मजकूर ठेवा, एका ओळीत एक नोंद. एक्सेलमधून बाहेर काढताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' हाच प्रकार निवडा. नुसतं सीएसव्ही निवडलं तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात आणि ती परत अक्षरं होत नाहीत.

मग गिट बसवा. विंडोजवर त्याच्यासोबत गिट बॅश येतं, तेच उघडा. आधी आपलं नाव आणि ईमेल सांगायचं: 'गिट कॉन्फिग --ग्लोबल युजर.नेम' आणि तसंच 'युजर.ईमेल'. प्रत्येक नोंदीवर हीच सही पडते. मग शब्दसंग्रहाच्या फोल्डरमध्ये जाऊन 'गिट इनिट'. फोल्डरमध्ये '.गिट' नावाचा लपलेला फोल्डर तयार होतो. सगळा इतिहास त्यातच राहतो, त्याला हात लावू नका.

पुढे रोजचं चक्र:

'गिट स्टेटस' म्हणजे काय बदललंय ते विचारणं.
'गिट ॲड' म्हणजे यातलं काय नोंदवायचं ते निवडून पुढे ठेवणं.
'गिट कमिट -एम' आणि अवतरणात दोन शब्द, म्हणजे नोंद पक्की.

नवीन माणूस 'ॲड'पाशी अडखळतो. बदललं आहे तर थेट नोंदवत का नाही? कारण सकाळी तुम्ही पाच मासेमारीचे शब्द घातले आणि वाटेत एका जुन्या नोंदीतलं शुद्धलेखन सुधारलं, तर त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन वेगळ्या कमिटमध्ये गेल्या की पुढे एक मागे घेताना दुसरी जात नाही.

कमिटचा संदेश मनापासून लिहा. 'बदल केले' यातून काही कळत नाही. 'मांगर: अर्थ वाढवला, गवत साठवायची जागा असाही वापर आचऱ्यात ऐकला' हे तीन वर्षांनी वाचलं तरी उपयोगी पडेल. तुमच्या कामात तर हा संदेश म्हणजे शब्दाचा पुरावाच आहे.

आठवडाभर एवढंच करा. एकट्याने, एका लॅपटॉपवर. मग पुढचं बोलू.

---

जुनी विहीर | रविवार, सकाळी ७.०५

सरांनी उल्लेख केला तो दापोलीचा काका मीच. पागोळीताई, बुवांच्या वहीवरून एकदम समजलं.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या आगरातले माड-पोफळी आडवे झाले. घरावरचे पत्रे गेले, कागदपत्रांच्या ट्रंकेत पाणी शिरलं. वीज यायला कित्येक दिवस लागले. माझ्या वडिलांच्या हातची एक वही होती, घर बांधताना सुतार वापरत ते शब्द त्यात होते. वासे, रिपा, आढं, असं बरंच. तिचा लगदा झाला. एकच प्रत होती.

मी अडुसष्ट वर्षांचा आहे, टर्मिनल कधी उघडलं नाही. पण 'प्रत्येकाकडे अख्खा इतिहास' एवढ्या एका गोष्टीसाठी शिकायला तयार आहे.

---

रापण | रविवार, दुपारी १.३०

मालवणची ताई ती मी. सरांनी स्वतःकडे दोष घेतला आहे, पण फाइल मी चढवली होती. असो. बाबांबरोबर बसून आठवतील तेवढे शब्द परत लिहितेय, ऐंशी झाले.

प्रश्न: आमच्याकडे आजी-काकांच्या आवाजातली रेकॉर्डिंगं आहेत, ती पण गिटमध्ये ठेवायची का?

---

पागोळी | रविवार, दुपारी ३.१५

ताई, नको. मजकुराचे बदल गिट फार थोड्या जागेत साठवतं. ध्वनिफीत मात्र प्रत्येक वेळी कापून-जोडून सेव्ह केली की दरवेळी जवळजवळ पूर्ण आकाराची भर पडते, आणि ती इतिहासातून सहज निघत नाही. पुढे गिटहबवर (गिटच्या प्रती नेटवर ठेवायची जागा) ठेवायचं म्हटलं तर १०० एमबीच्या वरची फाइल तिथे घेतच नाहीत. रेकॉर्डिंगं वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, त्यांच्या दोन प्रती दोन घरांत ठेवा आणि नोंदीत फक्त फाइलीचं नाव लिहा. तो फोल्डर गिटने पाहू नये म्हणून '.गिटइग्नोअर' नावाच्या फाइलीत त्याचं नाव घाला.

याच ओघात एक कळकळीचं सांगणं. शब्द सांगणाऱ्यांचे फोन नंबर, पत्ते शब्दसंग्रहाच्या फाइलीत असतील तर पहिल्या कमिटच्या आधी काढा. एकदा नोंदवलेलं नंतर खोडलं तरी जुन्या आवृत्तीत राहतंच, आणि क्लोन करणाऱ्या, म्हणजे अख्खी प्रत उतरवून घेणाऱ्या, प्रत्येकाकडे जातं. गिट विसरत नाही, हा गुण इथे अंगाशी येतो.

---

एसटी स्टँड | रविवार, रात्री ८.५०

वाचतोय, माझं मत बदलतंय. एक विचारतो, मर्क्युरियलही आहे ना? ते सोपं आहे असं ऐकलं होतं.

---

पागोळी | रविवार, रात्री ९.३०

आहे, आणि चांगलं आहे. तेही एप्रिल २००५ मध्येच, त्याच कारणाने, मॅट मॅकॉल यांनी सुरू केलं. आज्ञा थोड्या सुटसुटीत आहेत. तरी मी गिटच सुचवेन, कारण अडलात तर विचारायला माणूस मिळतो. तुमच्या तालुक्यातला इंजिनिअरिंगला गेलेला कोणताही पोरगा गिटचं सांगू शकेल.

---

कातळसडा | पुढचा शनिवार, सायंकाळी ६.२०

आठवडा झाला. २३ कमिट झाली. मंगळवारी एक प्रयोग मुद्दाम केला: अर्धी फाइल पुसून सेव्ह केली. छातीत धडधड होती. मग 'गिट रिस्टोअर' आणि फाइलीचं नाव. सगळं परत आलं. आमच्या सौ. बाजूला उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, "हे जूनमध्ये असतं तर."

दोन अडचणी आल्या.

एक, मी अक्षरवार फाइली केल्या: क, ख, ग. पण 'गिट स्टेटस'मध्ये क च्या जागी '\३४०\२४४\२२५' असं काहीतरी दिसतं. फाइल बिघडली का?

दुसरी, 'गिट डिफ' म्हणतं एक ओळ बदलली आहे. लाल ओळ आणि हिरवी ओळ अक्षर न् अक्षर सारखीच दिसते. त्या ओळीत 'आचऱ्याच्या' हा शब्द आहे.

---

पागोळी | शनिवार, सायंकाळी ७.४५

दोन्ही आपल्या लिपीच्या गोष्टी आहेत, इंग्रजीतल्या पुस्तकांत सहसा सापडायच्या नाहीत.

पहिली सोपी. क हे अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचं असतं. इंग्रजी सोडून इतर अक्षरांतली नावं गिट आपणहून अशा आकड्यांत दाखवतं. फाइल शाबूत आहे. 'गिट कॉन्फिग --ग्लोबल कोअर.कोटपाथ फॉल्स' एकदा चालवा, नावं देवनागरीत दिसतील.

दुसरी फार महत्त्वाची. आपला अर्धा र, 'ऱ्या' मधला, दोन तऱ्हांनी टाइप होतो. काही कीबोर्ड ऱ हे वेगळं अक्षर घेऊन त्याला हलन्त लावतात. काही साध्या र ला हलन्त लावून मध्ये न दिसणारं जोडचिन्ह टाकतात. पडद्यावर एकच दिसतं, आत बाइट वेगळे. तुमचा लॅपटॉप एक पद्धत वापरतो आणि ताईंचा फोन दुसरी, असं असणार. गिट डोळ्यांनी वाचत नाही, बाइट ताडतं, म्हणून त्याला ओळ बदललेली दिसते. खरं तर त्याने तुमच्यावर उपकार केले. असंच राहिलं असतं तर उद्या शोधताना 'वाऱ्या' घालून निम्म्याच नोंदी सापडल्या असत्या. चौघांनी एक पद्धत ठरवा आणि जुन्या नोंदी एकदाच बदलून त्याचं वेगळं कमिट करा. त्या कमिटमध्ये दुसरं काहीही घालू नका.

---

जुनी विहीर | शनिवार, रात्री ८.३०

ऱ चं वाचून फार आनंद झाला. तीन वर्षं आम्ही अकारविल्ह्यात 'दोऱ्या' कुठे गेला म्हणून शोधत होतो.

आता आमच्यापर्यंत हे पोचवायचं कसं? माझ्याकडे नेट सरांपेक्षा बरं, पण मालवणला ताईंच्या वाडीत तेही नाही.

---

पागोळी | शनिवार, रात्री १०.१०

पेनड्राइव्हने. खरंच. गिटला सर्व्हर असा वेगळा काही लागत नाही, दुसरा फोल्डर चालतो.

सरांनी पेनड्राइव्ह लावून 'गिट क्लोन --बेअर' करायचं, इकडून शब्दसंग्रहाचा फोल्डर, तिकडे पेनड्राइव्हवर 'शब्दसंग्रह.गिट'. बेअर म्हणजे त्यात नुसता इतिहास असतो, उघडून लिहायच्या फाइली नसतात. असंच हवं. कारण ज्या प्रतीत कोणी काम करतंय, तिच्या उघड्या शाखेवर (शाखा म्हणजे नोंदींची एक साखळी) बाहेरून ढकललेलं गिट स्वीकारत नाही. मग 'गिट रिमोट ॲड' करून त्या जागेला नाव द्यायचं, समजा 'पेटी'. यापुढे 'गिट पुश पेटी मेन' केलं की सरांच्या नोंदी पेटीत. शाखेचं नाव काहींकडे 'मेन' असतं, काहींकडे 'मास्टर'. 'गिट ब्रांच' चालवून आपलं पाहून घ्या. पेटी आठवडी बाजाराला जाणाऱ्या कोणाच्या हाती ताईंकडे जाईल. ताईंनी पहिल्यांदा 'गिट क्लोन' करायचं, पुढच्या वेळेपासून 'गिट पुल', म्हणजे पेटीतलं नवं ओढून घेणं, मग आपलं 'गिट पुश'.

दोन ठेचा सांगून ठेवते. पेनड्राइव्ह लावल्यावर गिट 'मालकी संशयास्पद' अशा अर्थाचा इशारा देऊन थांबेल. २०२२ पासून ही सुरक्षा आली आहे. बहुतेक पेनड्राइव्हच्या फाइलपद्धतीत मालक कोण याची नोंदच नसते, म्हणून ते घडतं. तिथेच 'सेफ.डिरेक्टरी'ची आज्ञा लिहून दिलेली असते, ती जशीच्या तशी चालवा. आणि विंडोजवर पेनड्राइव्हचं अक्षर ई: चं एफ: झालं तर 'गिट रिमोट सेट-यूआरएल' करून पत्ता बदला.

नेट असेल तेव्हा गिटहब किंवा गिटलॅबवर खासगी जागा करून तिथेही ढकला. एक प्रत घरांपासून लांब असावी. मात्र ती प्रत 'मुख्य' आणि तुमच्या 'दुय्यम' असं समजू नका. सगळ्या सारख्याच पूर्ण आहेत.

---

दादरचा चाकरमानी | रविवार, सकाळी ११.००

चौथा मी. गिटहबवरून क्लोन केलं, तिथे खात्याचा पासवर्ड टाकला तर घेतला नाही.

---

पागोळी | रविवार, सकाळी ११.२५

ऑगस्ट २०२१ पासून तिथे टर्मिनलवरून पासवर्ड चालत नाही. टोकन (पासवर्डऐवजी गिटहब बनवून देतं तो लांब संकेत) किंवा एसएसएच किल्ली (लॅपटॉपवर ठेवायची ओळखीची फाइल) लागते. विंडोजवर नवीन गिट असेल तर ब्राउझर उघडून तिथे लॉगिन करायला सांगेल, तो मार्ग सर्वांत सोपा.

---

रापण | तीन आठवड्यांनी, गुरुवार, रात्री ८.१५

चार दिवस वीज नव्हती, रविवारी आली. लॅपटॉप शेजारच्यांच्या इन्व्हर्टरवर दोनदा चार्ज केला आणि अंधारात बसून बाबांचं ऐकत ४१ नोंदी केल्या, सात कमिट. आज पेटी आली, पुश केलं तर नाकारलं. मग 'गिट पुल' केलं, तर 'फाटे फुटलेत, कसे जोडायचे ते सांगा' अशा अर्थाचं काहीतरी लिहून थांबलं. काही हरवलं नाही ना? मागचं आठवून हात थरथरतोय, म्हणून पुढे काही केलेलं नाही.

---

पागोळी | गुरुवार, रात्री ८.२५

काही हरवलेलं नाही, ताई. कमिट केलेलं सहजी हरवत नाही. तुमच्या लॅपटॉपवर तुमची सात आहेत, पेटीत सरांची आहेत. पेटीत असं काही आहे जे तुमच्याकडे नाही, म्हणून गिटने पुश अडवलं. जूनमध्ये जे झालं, म्हणजे एकाचं दुसऱ्यावर चढणं, तेच त्याने होऊ दिलं नाही.

'गिट पुल --नो-रिबेस' चालवा. जोडायचा संदेश लिहायला खिडकी उघडेल, ती सेव्ह करून बंद करा.

---

रापण | गुरुवार, रात्री ८.५०

जोडलं! एका ठिकाणी सोडून. तिथे असं आलंय:

<<<<<<< हेड
भांग: पाणी जास्त चढत नाही, जास्त उतरत नाही, ते दिवस, रापणीला मासा कमी
=======
भांग: अष्टमीच्या सुमाराची कमी जोराची भरती-ओहोटी, उलट उधाण
>>>>>>>

---

पागोळी | गुरुवार, रात्री ९.००

हा कॉन्फ्लिक्ट. नावाने घाबरू नका. एकाच ओळीवर दोघांनी लिहिलं, कोणाचं ठेवायचं हे गिटला ठरवता येत नाही, म्हणून ते माणसाला विचारतंय. वरचं तुमचं, खालचं सरांचं. हवं ते ठेवा किंवा दोन्ही मिळून नवी ओळ लिहा, त्या तीन खुणांच्या ओळी पुसा, मग 'गिट ॲड' आणि 'गिट कमिट'. आताच ठरवायचं नसेल तर 'गिट मर्ज --अबॉर्ट', जोडणीच्या आधी होतं तसं होईल.

---

कातळसडा | गुरुवार, रात्री ९.२०

ताई, माझा अर्थ पुस्तकी आहे, तुमचा समुद्रावरचा. दोन्ही ठेवू. पण 'रापणीला मासा कमी' हे सगळीकडे खरं का? देवगडच्या एका तांडेलांनी मला उलट सांगितलं होतं, मी ते कुठे लिहिलंच नाही.

---

जुनी विहीर | गुरुवार, रात्री ९.४०

मग लिहा, सर, वेगळ्या कमिटमध्ये. आणि संदेशात गाव घाला. आमच्या हर्णैच्या बाजूला मीही विचारतो.

---

रापण | गुरुवार, रात्री १०.०५

बाबांना आत्ताच विचारलं. म्हणाले, "भांगाक पाणी जास्त चढणा नाय, जास्त उतरणा नाय." माशाचं विचारलं तर म्हणाले, ते जाळ्यावर आणि जागेवर आहे, तळाशीलचं वेगळं आणि देवगडचं वेगळं. म्हणून 'मासा कमी' काढलं, दोन्ही अर्थ एका ओळीत घेतले, कमिट झालं, पुशही झालं. पेटी उद्या पहिल्या गाडीने सरांकडे निघते. बाबांना भांगावरून आणखी चार शब्द आठवलेत, ते लिहून घेऊन मग लॅपटॉप बंद करते.